ऑरेंजचा विल्यम बिजवर की तिजवर?

नेदरलँड्सच्या इतिहासावर लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: सोळाव्या शतकात स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता असलेल्या ऑरेंजच्या विल्यमची चार लग्नं झाली, तर दुसऱ्या लग्नापासून पुढे सरसकट ‘बिजवर’ म्हटलं तर चालेल का? दुसऱ्या बायकोपासून तो वेगळा झाला त्याला ‘काडीमोड’ म्हणावं का? आणि चौथी बायको आधी विधवा होती, मग ते लग्न ‘पाट’ ठरतं का?

सरसकट नको. बिजवरातला ‘बिज’ म्हणजे बियाणं नव्हे, भाऊबिजेतला तो बीज, दुसरा. तिसऱ्यांदा उभा राहणारा तो तिजवर. मोजणी इथेच संपते. ‘चौथवर’ असा शब्द काही रुळलेला नाही, तिथे सरळ ‘चौथं लग्न’ म्हणून मोकळं व्हावं.

पण हे दोन्ही शब्द नुसते आकडे नाहीत. ते मुलीच्या घरून बोलले जातात. ‘बिजवराला दिली’ म्हटलं की आधीची बायको गेलेली आहे असंच ऐकणारा धरून चालतो. ती जिवंत, नांदती असेल तर आपण ‘सवतीवर दिली’ म्हणतो. विल्यमच्या गोष्टीत नेमकी इथेच मेख आहे.

पहिली बायको ॲना ऑफ एग्मोंट. लग्न १५५१ चं, ती गेली १५५८ मध्ये. दुसरी ॲना ऑफ सॅक्सनी. १५६१ च्या ऑगस्टमध्ये लाइपझिगला लग्न झालं. म्हणजे हिला बिजवराला दिली, यात वाद नाही. वडील मॉरिट्स आधीच वारलेले, त्यामुळे स्थळ चुलत्याने, म्हणजे सॅक्सनीच्या ऑगस्टने जमवलं. मोडता घातला तो आईच्या वडिलांनी, हेसच्या फिलिपने. विल्यम तेव्हा कॅथलिक होता आणि नात ल्यूथरपंथी, हे त्याचं कारण. या आजोबांनी स्वतः १५४० मध्ये क्रिस्टिना ही पहिली बायको जिवंत असताना मार्गारेटशी दुसरं लग्न केलं होतं आणि त्याला खुद्द मार्टिन ल्यूथरने गुपचूप संमती दिली होती! युरोपातल्या कुणाबद्दल बेधडक ‘सवतीवर दिली’ लिहायचं असेल, तर ते या मार्गारेटबद्दल लिहावं.

दुसरा संसार विस्कटला. विल्यम स्पेनविरुद्धच्या बंडात अडकलेला. ॲनाचा संबंध तिच्याच वकिलाशी, यान रुबेन्सशी जुळला आणि १५७१ मध्ये तिला मुलगी झाली. रुबेन्स डिलेनबुर्गला तुरुंगात पडला. बायको मारियाने हातापाया पडून त्याला वाचवलं. (वाचवलं म्हणून पुढे १५७७ मध्ये चित्रकार पीटर पॉल रुबेन्स जन्माला आला.) ॲनाला मात्र सासरच्यांनी आणि मग माहेरच्यांनी कोंडूनच ठेवलं. १५७७ च्या डिसेंबरात ती ड्रेस्डेनला वारली.

विल्यमचं तिसरं लग्न १५७५ च्या जूनमधलं आहे. म्हणजे ॲना तेव्हा जिवंत होती. काही प्रोटेस्टंट धर्मगुरूंनी निवाडा दिला की तिच्या व्यभिचारामुळे विल्यम पुन्हा लग्नाला मोकळा आहे, आणि लगोलग १२ जूनला ब्रिलला शार्लोट द बूर्बोंशी लग्न लागलं. ही एके काळची नन, जुआरच्या मठाची प्रमुख. १५७२ मध्ये पळून हायडेलबर्गला आलेली. आता हिला ‘तिजवराला दिली’ म्हणायचं की ‘सवतीवर’? हॉलंडच्या बाजूने लिहाल तर तिजवर. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या बाजूने पाहाल तर सवतच, कारण कॅथलिक कायद्यात ॲनाशी बांधलेली गाठ सुटलेलीच नव्हती. १५८० च्या जाहीरनाम्यात त्याने विल्यमवर हा आरोप केलाही: बायको जिवंत असताना दुसरी केली, आणि तीही नन. म्हणून या ठिकाणी शब्द निवडलात की तुम्ही बाजू घेतली. माझं मत विचाराल तर ‘तिसरं लग्न’ लिहून वाद पुढच्या वाक्यात सांगावा.

‘काडीमोड’ मात्र अजिबात नको. त्यात काडी मोडून मोकळं होण्याची रीत आहे, चार लोकांसमोर दोघांचा हिशेब मिटतो. इथे निवाडा धर्मगुरूंचा, आणि बाई कोंडलेली. ‘घटस्फोट’ चालेल. त्याचा जुना अर्थ पतिताच्या नावाने घडा फोडून त्याला जातीबाहेर टाकणं असा होता, आणि ॲनाच्या वाट्याला जे आलं ते त्या जुन्या अर्थालाही फार सोडून नाही.

शार्लोट सहा मुली मागे ठेवून १५८२ च्या मे महिन्यात गेली. चौथी लुईझ द कोलिन्यी. २४ ऑगस्ट १५७२ ला पॅरिसमधल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीत तिचे वडील, ॲडमिरल कोलिन्यी, आणि नवरा तेलिन्यी एकाच दिवशी मारले गेले. १५८३ च्या एप्रिलमध्ये अँटवर्पला तिने विल्यमशी लग्न केलं. याला ‘पाट’ म्हणू नये. पाटात, म्हणजे आपल्याकडच्या विधवेच्या जुन्या रीतीच्या दुसऱ्या लग्नात, विधी कमी, मान कमी आणि जातीची खूण ठळक. युरोपात विधवेचं लग्नही इतर लग्नांसारखंच चर्चमध्ये लागतं. ‘पुनर्विवाह’ बरा, पण त्याला विधवाविवाहाच्या १८५६ च्या कायद्याचा आणि सुधारकांच्या सभांचा वास आहे. लुईझने कुठली रूढी मोडली नव्हती. ‘विधवा लुईझने विल्यमशी लग्न केलं’ इतकं पुरे.

आणि मजकुरात ‘राजपुत्र विल्यम’ असेल तर तेही बदला. तो कुणा राजाचा मुलगा नव्हता, नासाऊच्या काउंटचा होता. दक्षिण फ्रान्समधलं ऑरेंज हे छोटं संस्थान त्याला १५४४ मध्ये चुलतभावाकडून वारशाने मिळालं. ‘प्रिन्स’ ही त्या संस्थानाची पदवी. ‘संस्थानिक’ म्हणा, नाहीतर ‘प्रिन्स’च ठेवा.