चार कोर्सचं सर्टिफिकेट करू का सरळ मास्टर्स?

प्रश्न : ताई, मी नाशिकची, पुणे विद्यापीठातून बी.कॉम., एम.कॉम. केलंय. लग्नानंतर दोन वर्षं न्यू जर्सीत एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो व्हिसा) घरीच आहे, नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. इथल्या एका युनिव्हर्सिटीत डेटा ॲनालिटिक्सचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट आहे, चार कोर्स, 12 क्रेडिट. नवरा म्हणतो करायचंच तर मास्टर्स कर, सासूबाई फोनवर विचारतात, "म्हणजे डिग्री नाहीच ना ती?" नोकरी मिळेल का याच्यावर, का पैसे पाण्यात?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अगं, सासूबाईंचं बरोबरच आहे, डिग्री नाहीये ती. पण व्हिडिओ बघून मिळणारं, लिंक्डइनवर चिकटवायचं सर्टिफिकेट पण नाही हे. इथे मास्टर्सच्या पोरांबरोबर त्याच वर्गात बसायचं, तीच मिडटर्म, तीच फायनल, आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अधिकृत गुणपत्रकावर, रीतसर क्रेडिट चढतात. मास्टर्स साधारण 30 ते 36 क्रेडिटचं असतं, म्हणजे तुझा तिसरा हिस्सा आधीच झाला, पुढे ते धरले तर.

हा 'तर' मला चांगलाच महागात पडलाय. मीही असेच दोन कोर्स आधी केले होते, ॲडव्हायजर बाई हसून म्हणाल्या हो हो धरतील की, आणि मी मान डोलावून घरी. मास्टर्सला ॲडमिशन घेतली तेव्हा कळलं की एका कोर्सला बी-मायनस आहे आणि बी च्या खालचं चालत नाही. त्या फायनलच्या आदल्या रात्री पोराला 102 ताप होता, मी एका हातात थर्मामीटर आणि एका हातात नोट्स घेऊन बसलेली, पण हे कुणाला सांगणार? आख्खा कोर्स परत, फी परत. म्हणून सांगते, तोंडी काही ऐकू नको, ईमेल कर आणि लेखी उत्तर घे: मास्टर्सला किती क्रेडिट धरणार, ग्रेड किती लागते, किती वर्षांत संपवायचं. हार्वर्ड एक्सटेन्शनसारख्या ठिकाणी या अटी सरळ लिहिलेल्या असतात, प्रत्येक कोर्सला किमान बी आणि तीन वर्षांत पूर्ण. सगळीकडे इतकं स्वच्छ नसतं.

आता नोकरी. एच-फोरवर शिकायला कुणाची आडकाठी नाही, एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसा, करायची पण गरज नाही. पण काम करायला ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, लागतं, आणि ते 2015 पासून मिळायला लागलं असलं तरी बहुतेक करून नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर असेल तरच. सर्टिफिकेट केल्यानं त्यात काडीचा फरक पडत नाही, हे आधी डोक्यात घट्ट बसव, कारण याच एका गैरसमजापायी बऱ्याच जणी फी भरून मोकळ्या होतात. एफ-वनवर जाऊन ओपीटी (शिकून झाल्यावर काही काळ काम करायची परवानगी) घेऊ म्हणशील तर फुलटाइम शिकावं लागतं आणि बऱ्याच सर्टिफिकेटांना युनिव्हर्सिटी आय-20, म्हणजे एफ-वनसाठी लागणारा कागद, देतच नाही. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी 24 महिन्यांची जास्तीची 'स्टेम' ओपीटी डिग्रीवरच मिळते, एच-वनच्या लॉटरीतला तो 20,000 चा वेगळा कोटाही इथल्या मास्टर्सवाल्यांसाठीच. तेव्हा नवरा काही अगदीच चूक बोलत नाहीये (त्याला हे वाचून दाखवायची गरज नाही).

मी काय करेन? ईएडी हातात असेल किंवा लवकर येणार असेल तर बिनधास्त सर्टिफिकेट, तुझं अकाउंट्सचं डोकं आणि त्यात एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आलं की इंटरव्ह्यूला बोलायला काहीतरी होतं. आय-140 चा पत्ताच नसेल तर मास्टर्सला धरणाराच एक कोर्स घे, दोन वर्षांनी परत अभ्यासाला बसणं जमतंय का ते बघ, मग पुढचं.

आणि कागदपत्रं आत्तापासून काढायला घे. तीन वर्षांचं बी.कॉम. इथे सगळीकडे चार वर्षांच्या डिग्रीइतकं धरतीलच असं नाही, तुझ्याकडे एम.कॉम. आहे ते बरं, दोन्हीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे इथल्या कुठल्या डिग्रीइतकं धरायचं त्याची तपासणी, एकत्र करून घे. ट्रान्सक्रिप्ट सहसा विद्यापीठाकडूनच यावं लागतं, सीलबंद किंवा ऑनलाइन, तू स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही, तर गणेशखिंडीला चक्कर मारायला कोण मोकळं आहे ते माहेरी विचारून ठेव. पहिला कोर्स स्टॅटिस्टिक्सचा घे, कॉमर्सला थोडंफार केलेलं असतं ते आठवेल. त्याच्या सिलॅबसची पीडीएफ जपून ठेव, क्रेडिट दुसरीकडे न्यायचे झाले की तीच मागतात, आणि तोपर्यंत कोर्सच्या पानाचं लॉगिन बंद झालेलं असतं.