शाकोन समजत नसेल तर आधी बीबर ऐका

तुम्ही लिहिलंय की बाखचा शाकोन, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीची ती मोठी रचना, तीन-चार जणांचा ऐकला, त्यातला एक चक्क अर्धा स्वर खाली वाटला, आणि पाऊण तास ऐकूनही मधे काय चाललंय ते हाती लागेना, तर आता कुणाचा ऐकावा.

खाली वाटला कारण तो खरंच खाली आहे. बरोक व्हायोलिन, म्हणजे बाखच्या काळच्या पद्धतीचं, वाजवणारे बरेच जण ए हा सूर आजच्या ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, तारा आतड्याच्या, बो (गज) पण वेगळा, म्हणून आवाज जरा कोरडा येतो, पण कान सरावतो हो.

मी म्हणेन शाकोन सध्या राहू दे, आधी बीबरची पासाकालिया ऐका, खालचे तेच सूर पुन्हा पुन्हा येत राहतात अशी रचना. साल्झबुर्गचा संगीतकार बीबर, त्याची ही रचना साधारण १६७६ ची, बाखचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. रोझरी सोनाटा नावाचा त्याचा व्हायोलिन-रचनांचा संच आहे, त्याच्या अगदी शेवटी येते, बाकी सगळ्यांना साथ आहे आणि इथे व्हायोलिन एकटं. सुरुवातीला चारच सूर येतात, सा, कोमल नी, कोमल ध, प, बास. हे चार सूर पासष्ट वेळा येतात आणि त्यांच्यावर बाकी सगळं रचलंय. पहिल्यांदा ऐकताना वरच्या ताना सोडून द्या, फक्त ते चार सूर मनात गुणगुणत रहा, नऊ-दहा मिनिटांचं काम आहे. रेचल पॉजरच्या गार्डियन एंजल अल्बममध्ये मिळेल, फार सुंदर वाजवलीय.

मग शाकोनकडे या. तिथेही चार-चार मात्राखंडांचं आवर्तनच आहे, फक्त खालचे सूर बाख सतत बदलतो, म्हणून ते निसटतात. अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर कोमल ग जाऊन शुद्ध ग येतो, डी मायनरचं डी मेजर होतं, ती जागा आधी पकडा, मला आजही तिथे हातातलं काम ठेवावंसं वाटतं. शेवटाकडे परत मायनर.

कुणाचा म्हणाल तर आधी व्हायोलिनवादक ग्रूमियो, १९६०-६१ चं रेकॉर्डिंग, सूर इतका स्वच्छ की प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. नंतर पॉजर. तारांखालची घोडी गोल असल्यामुळे चारही तारांवर बो एकदम टेकत नाही, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, फोडूनच वाजवावा लागतो, तर हे दोघं तो कसा फोडतात एवढंच पहिल्या मिनिटभरात शेजारी-शेजारी ऐका, पॉजरकडे तो नाचासारखा हलका सुटतो. शेरिंग हा आणखी एक व्हायोलिनवादक, तो भव्य आहे, पण माझ्या मते नंतर.

आणि ॲपमधला शफल आधी बंद करा. बाखच्या बी मायनरमधल्या पहिल्या पार्टीटात, म्हणजे नाचांच्या मालिकेत, प्रत्येक नाचामागे त्याचाच डबल येतो, तेच सूर-संगती वेगळ्या चालीत, शफलवर ती जोडीच तुटते.