बँकेतला चेक, शर्टावरचे चेक्स आणि नाल्यावरचा चेक डॅम

प्रश्न असा आहे की 'चेक वटवणे', 'चेक्सचा शर्ट', 'गाडी चेक करणे' आणि 'चेक डॅम' यांतला चेक एकच, की चार वेगळे शब्द?

एकच. आणि तो आपल्या ओळखीचा आहे: बुद्धिबळातला 'शह'.

फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर मारा आला की 'शाह' म्हणून इशारा द्यायचा. हाच शब्द अरबी आणि मध्ययुगीन लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक'. 'चेस' हे त्याच एशेकचं अनेकवचन. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. मराठीने हा ऐवज फारसीकडूनच उचलला: शह, काटशह, संकटावर मात. 'मात'चा अर्थ अरबीप्रमाणे 'मेला' की फारसीप्रमाणे 'हतबल झाला', यावर वाद आहे. मला दुसरा पटतो, कारण पटावर राजा मरत नाही, अडकतो.

शह बसला की हातातला डाव सोडून आधी राजा सांभाळावा लागतो. त्यावरून इंग्रजीत चेक म्हणजे 'अडवणे, आवर घालणे' झालं. 'तपासणे' हा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस आला: चुकीला आवर घालायचा तर पडताळून पाहावं लागतं.

शर्टावरचे चेक्स पटाच्या घरांवरून आले. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. त्याचं इंग्रजीत 'चेकर' आणि मग नुसतं 'चेक'. इंग्लंडच्या राजाचा खजिना, म्हणजे 'एक्सचेकर', याचं नावही त्यातलंच. ११७०च्या दशकाच्या अखेरीस खजिनदार रिचर्ड फिट्झनीलने तिथल्या कारभारावर ग्रंथ लिहिला, त्यात हिशेबाच्या टेबलाचं मापच दिलंय: सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, आणि सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ. वर बुद्धिबळाच्या पटाची आठवण करून देणारं, पट्टे आखलेलं काळं कापड. उजवीकडून पेनी, शिलिंग, पौंड, मग विसा, शेकडा, हजार असे रकाने. वरच्या ओळीत शेरीफचं, म्हणजे राजाचा महसूल गोळा करणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचं, देणं सोंगट्यांनी मांडायचं, खाली त्याने भरलेली रक्कम, आणि वजाबाकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हा खटाटोप का, तर आकडे रोमन. त्यांत १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड कागदावर वजा करून बघा, म्हणजे कळेल.

बँकेचा चेक मात्र अफरातफरीला आळा घालण्यातून आला. अठराव्या शतकात 'चेक' म्हणत ते आधी स्थळप्रतीला, म्हणजे चेकबुकात मागे उरणाऱ्या तुकड्याला. ती जुळवून खोटा कागद पकडता येई. पुढे नाव फाडून दिलेल्या भागालाच चिकटलं. 'क्यू'वालं स्पेलिंग एक्सचेकरच्या छायेतलं. अमेरिकेने 'सी-के' ठेवलं. आपल्या १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यात 'क्यू' आहे, तेव्हा भारतीय कागदपत्रांत तेच लिहा.

भाषांतरात घोटाळा होतो तो 'तपासणे' हाच पहिला अर्थ धरल्यामुळे. 'चेक्स अँड बॅलन्सेस'चं 'तपासण्या आणि समतोल' असं भाषांतर सर्रास दिसतं. हवं 'नियंत्रण आणि संतुलन'. 'अनचेक्ड ग्रोथ' म्हणजे न तपासलेली नव्हे, बेसुमार वाढ. चेक डॅम पाण्याचा वेग अडवतो, म्हणून आपला 'बंधारा' चपखल बसतो. चेक व्हॉल्व्ह पाणी उलटं येऊ देत नाही. वर्कशॉपमधला चेकनटही काही तपासत नाही: एक नट पान्याने धरून ठेवायचा, दुसरा त्यावर आवळायचा, म्हणजे थरथरीने पहिला सैल होत नाही. पहिला न धरता वरचा आवळला तर दोन्ही एकत्र फिरतात आणि बसवलेलं माप हलतं.

अमेरिकन मजकुरात आणखी दोन सापळे: हॉटेलातला 'चेक' म्हणजे बिल, आणि फॉर्मवर 'चेक द बॉक्स' म्हणजे चौकटीत बरोबरची खूण करा, चौकट तपासत बसू नका.

चेक प्रजासत्ताकाला या कुटुंबात ओढू नका. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव, इंग्रजीत पोलिश स्पेलिंगने आलेलं. राजाशी आणि पटाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.