पॅप रिपोर्टमध्ये ‘एस्कस’ आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं, म्हणजे कॅन्सर झाला का? नवऱ्यावर संशय घ्यायचा का?

नाही ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी. ती चाळणी आहे, निदान नव्हे. एस्कस म्हणजे गर्भाशयमुखाच्या काही पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, पण त्या नक्की कशामुळे हे सांगता येत नाही. साध्या सुजेनेही तसं होतं.

एचपीव्ही हा विषाणू तर इतका सर्रास आढळतो की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतोच. बहुतेक वेळा शरीर दोनेक वर्षांत त्याला स्वतःच आवरतं. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे आज पॉझिटिव्ह आल्यावरून तो कधी, कुणाकडून आला हे कुणालाच सांगता येत नाही. या रिपोर्टवरून घरात भांडण करू नका, कळकळीने सांगते.

काळजी घ्यायची ती विषाणू टिकून राहिला तर. १६ आणि १८ हे प्रकार जास्त धोक्याचे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के त्यांच्यामुळे होतात. पण संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असेल तर कमी. तेवढ्या काळात पेशींतले बदल सापडले, तर छोट्या उपचाराने काढून टाकता येतात.

आता कॉल्पोस्कोपी करून घ्या. दुर्बिणीतून तपासणी असते, लागलंच तर छोटा तुकडा घेतात. नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या स्त्रीरोग ओपीडीत जाऊन विचारा. जाताना मूळ रिपोर्ट न्या. संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जात असेल, तर मात्र याच आठवड्यात जा.