आई-बाबांसोबत बघता येतील असे फ्रेंच भाषेतले विनोदी चित्रपट कोणते?

तुमची फ्रेंचची ए२ (म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी) परीक्षा झाली आहे, कान तयार व्हावा म्हणून विनोदी चित्रपट बघायचेत आणि घरच्यांनाही सोबत बसता यावं, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकले. माझा कान खरा तयार झाला तो अशा चित्रपटांवरच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात 'ल दिने द कों' (1998) या चित्रपटाने करा. दिग्दर्शक फ्रांसिस वेबेर यांनी तो स्वतःच्याच नाटकावरून केला. जवळजवळ सगळं एका संध्याकाळी, एका फ्लॅटमध्ये घडतं. बबन प्रभूंचे फार्स बघितलेल्या माणसाला ही जातकुळी लगेच ओळखू येईल. पॅरिसमधले काही सुखवस्तू मित्र दर बुधवारी जेवायला जमतात आणि प्रत्येकाने सोबत एक महामूर्ख आणायचा असतो. ब्रोशां नावाच्या प्रकाशकाला सापडतो फ्रांस्वा पिन्यों. हा अर्थखात्यातला साधा कर्मचारी, आगकाड्यांचे आयफेल टॉवर वगैरे बांधणारा. नेमकी त्याच दिवशी ब्रोशांची कंबर धरते, त्याला घराबाहेर पडता येत नाही, आणि पिन्यों मनापासून मदत करायला लागतो. त्याच्या प्रत्येक मदतीतून नवं संकट उभं राहतं.

यातला एक विनोद तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण उपशीर्षकांत तो हरवतो. ब्रोशां एका माणसाचं नाव सांगतो: 'ज्युस्त लब्लां'. 'ज्युस्त' हे पहिलं नाव, पण त्या शब्दाचा अर्थ 'फक्त' असाही होतो. पिन्यों विचारतो, म्हणजे त्याला पहिलं नावच नाही? मला हे तिसऱ्यांदा बघताना कळलं आणि त्या रात्री भाषा शिकल्याचा जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. पिन्योंचं काम करणाऱ्या झाक व्हिलरे यांना त्यासाठी सेझार हा फ्रेंच चित्रपटांचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यांचा चेहरा बघत राहा. हसता हसता आपण कधी पिन्योंच्या बाजूला जाऊन बसलो ते कळतही नाही. हिंदीतला 'भेजा फ्राय' (2007) याच कथेवर बेतलेला आहे, त्यामुळे आई-बाबांना गोष्ट ओळखीची असेल. विवाहबाह्य भानगडींचे उल्लेख येतात, पण पडद्यावर अवघडायला होईल असं काही नाही. फक्त शीर्षकातला 'कों' हा शब्द 'मूर्ख'पेक्षा बराच शिवराळ आहे, वर्गात शिक्षकांसमोर वापरू नका.

दुसरा 'बियाँव्हन्यु शे ले श्ती' (2008). फ्रान्समध्ये या चित्रपटाची 2 कोटींहून अधिक तिकिटं खपली. दक्षिणेतल्या उन्हात राहणारा पोस्टमास्तर समुद्रकिनारी बदली मिळावी म्हणून अपंग असल्याचं खोटंच सांगतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून पार उत्तरेला, बेर्ग या गावी पाठवला जातो. दक्षिणेतल्या लोकांच्या मनात उत्तर म्हणजे काळं पाणीच. हायवेवर गाडी फार हळू चालवतो म्हणून पोलीस त्याला अडवतो, पण बदली कुठे झालीय ते ऐकल्यावर हळहळून सोडून देतो. पुढे गावकरी त्याला जीव लावतात, हे सांगायला नकोच. भाषा शिकणाऱ्यासाठी यात खजिना आहे. तिथल्या बोलीत 'स'चा 'श' होतो. 'स्यां' म्हणजे 'त्याचे', 'श्यां' म्हणजे कुत्रे. रिकाम्या घरातलं फर्निचर कुठे गेलं, एवढ्या साध्या प्रश्नावर केवढा गोंधळ होतो ते बघाच. मालवणी किंवा वऱ्हाडी पहिल्यांदा कानावर पडलेल्या पुणेकराची आठवण होते.

आई-बाबांसाठी सगळ्यात निर्धास्त निवड म्हणजे 'ला ग्रांद व्हादरुय' (1966). जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ब्रिटिश वैमानिक पॅराशूटने पॅरिसवर उतरतात आणि त्यांना वाचवण्याची जबाबदारी एका चिडक्या ऑर्केस्ट्रा-संचालकावर आणि एका रंगाऱ्यावर येऊन पडते. लुई द फ्युनेस आणि बूर्व्हिल ही ती जोडी. हॉटेलच्या खोलीवरचा 6 हा आकडा उलटा होऊन 9 होतो आणि झोपायच्या जागांची जी अदलाबदल होते, ती समजायला फ्रेंच येण्याची गरज नाही. द फ्युनेस आवडले तर मोलिएरच्या नाटकावरचा त्यांचा 'लाव्हार' (1980) शोधा. अत्र्यांचं 'कवडीचुंबक' याच नाटकावरून आलेलं आहे.

झाक ताती यांचा 'मस्य्यो ह्युलोची सुट्टी' (1953) कानापेक्षा डोळ्यांसाठी आहे. संवाद जेमतेम, पण जेवणाच्या खोलीच्या दाराचा तो 'टुंक' आवाज विसरता येत नाही. 'ओएसएस 117' या गुप्तहेराचे विनोदी चित्रपट मात्र आत्ता नको. फ्रेंच वसाहतवादी अहंकाराची ती थट्टा आहे, थोडा इतिहास वाचून मग बघा.

आणि एक कॅनडातला, क्वेबेकचा: 'ला ग्रांद सेद्युक्सियों' (2003). मासेमारी बुडालेल्या एका छोट्या बेटावर कारखाना यायला हवा असेल, तर गावात कायमचा डॉक्टर असण्याची अट आहे. मॉन्ट्रियालहून महिन्याभरासाठी एक डॉक्टर येतो. त्याला क्रिकेटचं वेड आहे असं कळल्यावर आयुष्यात बॅट न पाहिलेलं अख्खं गाव पांढरे कपडे घालून खडकावर क्रिकेट खेळायचं सोंग करतं. उच्चार पॅरिसपेक्षा फार वेगळे आहेत, त्यामुळे फ्रेंच उपशीर्षकं लावूनच बघा. क्रिकेटच्या प्रसंगात मात्र उपशीर्षकं वाचत बसू नका. खेळात नेमकं काय चुकतंय ते तुमचे बाबा फ्रेंच प्रेक्षकांच्या आधी ओळखतील.