आधी तारीख ठरव

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. तुझ्या सेंच्युरियन रणगाड्याच्या प्लॅस्टिक मॉडेलवर बुरशी धरल्यासारखा पांढुरका थर आलाय, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही आणि डबाही भेसळीचा नाही. भर जुलैत मुलुंडच्या गॅलरीत उभं राहून लॅकरचा स्प्रे मारलास, एवढंच झालंय. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं आणि उडता उडता खालचा पृष्ठभाग गार करतं. हवेत दमटपणा ठासून भरलेला असला की तो त्या गार, ओल्या थरावर येऊन बसतो. माठातल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसं. खरवडू नकोस. चांगला कोरडा दिवस बघून त्याच लॅकरचा एक पातळ हात वरून दे, बहुतेक वेळा पांढरेपणा त्यात विरघळून जातो. मुंबईत मी वर्षाची वाटणीच करून टाकलीय. जून ते सप्टेंबर कापणं, घासणं, चिकटवणं. रंगाला हात कोजागिरीनंतर. ऑक्टोबर हीटला अख्खी लोकल शिव्या घालत असते तेव्हा मी मनातल्या मनात खूश असतो.

तर पांढरेपणा जाईल. मला खटकला तो गंज.

तू लिहितेस की हा १९६५ च्या भारत-पाक युद्धातला, आपल्या १७ पूना हॉर्स रेजिमेंटचा रणगाडा. मग टरेटपासून (तोफेचा फिरता बुरूज) मडगार्डपर्यंत हे तांबडे ओघळ आले कुठून? असा गंज चढायला गाडी दोन-चार पावसाळे उघड्यावर टाकून द्यावी लागते. ज्या गाडीवर चार माणसांचा जीव अवलंबून आहे, ती कोणी अशी टाकत नाही. तिच्यावर धूळ बसते, तेल सांडतं, बुटांनी रंग घासला जातो. गंजाचं प्रकरण शोभेला मांडलेल्या किंवा मोडीत निघालेल्या रणगाड्यांचं. ते फोटो नेटवर सहज सापडतात, म्हणून सगळे तेच उतरवतात.

म्हणून विचारतो: तुझा रणगाडा कोणत्या दिवसाचा? ११ सप्टेंबरचा की १६ सप्टेंबरचा?

पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जन्माने आपल्या मुंबईचेच, १९२३ चे. ११ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिलोऱ्याच्या लढाईत ते जखमी झाले, तरी मागे जायला त्यांनी नकार दिला. १६ तारखेला चविंड्याच्या लढाईत त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. या दोन तारखांमध्ये पाचच दिवस आहेत, पण तुझ्या कामाच्या दृष्टीने ते दोन वेगळे रणगाडे. ११ च्या गाडीवर सामान नीट बांधलेलं, धूळ असली तरी खालच्या अंगाला. १६ च्या गाडीवर धूळ सगळीकडे, आडव्या भागांवर जाड. चालक दल रोज ज्या एका जागी पाय देऊन वर चढतं तिथे मात्र धूळ नाही, तिथे रंग घासून गुळगुळीत झालेला. पेट्रोल भरायच्या झाकणाभोवतीही बघ. सेंच्युरियनचं मीटिओर इंजिन पेट्रोलवर चालायचं आणि भयंकर प्यायचं (स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचंच ते भावंड, त्यामुळे खानदानी तहान). भरताना सांडलं की तिथली धूळ धुऊन निघते आणि बाहेर काळपट कड उरते. तारीख एकदा ठरली की असं एकेक आपोआप सुचत जातं आणि हात जिथे थांबायला हवा तिथे थांबतो. तारीख नसली की माणूस बाटलीत उरलंय म्हणून लावत बसतो.

धुळीबद्दल आणखी एक. गॅलरीतल्या कुंडीतली माती वापरलीस असं दिसतंय. ती आपली कोकणातली लाल माती. पंजाबच्या सपाटीवरची माती नद्यांनी आणून टाकलेली गाळाची, फिकट, करडी-भुरकट. मऊ खडू, म्हणजे सॉफ्ट पेस्टल, पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड कर आणि कोरड्या ब्रशने बसव. खरी मातीच हवी असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळ. चहाच्या गाळण्यातून आलेला अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या तुझ्या मॉडेलवर, पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो.

हा ३५ चा गुणाकार अंगवळणी पाडून घे. दिवाळीत चाळीच्या अंगणात आपण किल्ला करायचो, अळीव पेरायचो, आणि दरवाज्यावर जो मावळा उभा करायचो तो हटकून बुरुजाहून उंच असायचा. कोणाला काही वाटायचं नाही. इथे वाटतं. माणूस पाच फूट आठ इंचांचा असेल तर तुझ्याकडे तो सुमारे ४९ मिलिमीटरचा. खरा सेंच्युरियन जवळपास ३.४ मीटर रुंद, तुझा ९७ मिलिमीटर. रंगाचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा डाग, हे लक्षात ठेवलंस तर निम्मे टवके तूच पुसून काढशील. आणि मडगार्डची कड बघ. खरा पत्रा काही मिलिमीटरचा. तुझं प्लॅस्टिक एक मिलिमीटर धरलं तरी हिशेबाने साडेतीन सेंटिमीटरची लादी झाली. आतल्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, कानशीने तिरपं घासून फक्त कड पातळ कर. तासाभराचं काम आहे आणि महागड्या पितळी पत्र्यांच्या सेटपेक्षा जास्त फरक पाडतं. (१/३५ हा आकडा काही शास्त्रातून आलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने पँथर रणगाड्याचा किट काढला, त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तो ठरला, आणि मग साऱ्या जगाने उचलला.)

टरेट तू आरशासारखं गुळगुळीत केलंयस. मेहनत दिसते, पण खरं टरेट ओतीव पोलादाचं, खरबरीत असतं. पुट्टी पातळ करून लाव आणि ओली असतानाच जुन्या टूथब्रशने टिपत जा. खालची हल, म्हणजे रणगाड्याचं धड, पत्रे वेल्ड करून बनवलेली, ती गुळगुळीतच राहू दे. हा फरक फोटोत कळत नाही. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जाऊन ये, तिथे सेंच्युरियन आहे. रणगाड्याभोवती दोन फेऱ्या मार, मग लक्षात येईल तू किती ठिकाणी उगाच घासलंस.

हत्यारांसाठी फार खर्च करू नकोस. बारीक कानशी, हातात धरायचा छोटा ड्रिल नागदेवी स्ट्रीटवर मिळतील. चिमटा मात्र झवेरी बाजारात सोनारांच्या सामानाच्या दुकानातून घे, छंदवाल्यांच्या चिमट्यांपेक्षा त्याची टोकं सरस. खिडकी उघडी ठेव, थिनरला मास्क लाव. मांडीवर पंचा पसर आणि त्याचं एक टोक टेबलाला चिकटव, म्हणजे उडालेला भाग फरशीवर जाणार नाही. मी हे शिकलो तोवर आईच्या केरसुणीने माझे किती पेरिस्कोप नेले असतील, देव जाणे.

चेनच्या, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांच्या, बाबतीत माझं ऐक. जुन्या किटमधल्या मऊ व्हिनाइलच्या चेन आतून बिनरंगाच्या प्लॅस्टिकवर टेकू देऊ नकोस. माझा पहिला धड जमलेला रणगाडा मी कौतुकाने डब्यात घालून माळ्यावर ठेवला. दोन उन्हाळ्यांनी उघडला तर चेन चाकांत रुतलेली, चाकं चघळलेल्या सुपारीसारखी. व्हिनाइलमधलं मऊ ठेवणारं द्रव्य प्लॅस्टिक खातं, हे त्या खोक्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. चाकांना रंगाचा पुरा थर दे, मगच चेन चढव.

गंज काढायला घाई नको. ओघळ ऑइल रंगाचे असतील आणि नीट वाळले नसतील तर व्हाइट स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून, रुमालाला टिपून, वरून खाली ओढ. ओला ब्रश आधी रुमालाला टिपायचा ही सवय मला गिरगावातल्या गणपतीच्या कारखान्यात लागली. तिथला म्हातारा रंगारी आखणीला बसायच्या आधी ब्रश इतका कोरडा करायचा की मला वाटे आता यातून काय उमटणार. लॅकरखाली ओघळ दबले असतील तर राहू देत, वरून धूळ चढव. पाच दिवसांची धूळ पुष्कळ असते.

रविवारी दादरला ये, स्टेशनवर घ्यायला येतो. पांढरा पडलेला असला तरी तोच घेऊन ये, नवा किट उघडू नकोस. पिशवीतून आणू नकोस, केकच्या खोक्यात घाल आणि तोफेची नळी काढून वेगळी गुंडाळ. माझी एकदा सकाळच्या ८.४० च्या लोकलमध्ये गेली होती.

तुझा,
काका