विद्यापीठात शिक्षकेतर कर्मचारी म्हणून नोकरी करण्याचे फायदे-तोटे काय? सुट्ट्या भरपूर आणि काम कमी असतं ना?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून लिहायला बसलो. मोठी सुट्टी अध्यापकांना असते. विद्यार्थी घरी गेले की परीक्षा विभागात निकालाचं आणि प्रवेश विभागात पुढच्या तुकडीचं काम सुरू होतं. ऐन त्या महिन्यांत रजेचा अर्ज टाकून बघा.

तरी निकाल लांबला की खापर ‘ऑफिस’वर फुटतं. म्हणून निकाल कसा तयार होतो ते आधी सांगतो. बैठक क्रमांक झाकून उत्तरपत्रिकेला सांकेतिक क्रमांक देतात. तपासणीनंतर दोन वेगळी माणसं गुणांची स्वतंत्र नोंद करतात. जिथे फरक दिसेल तिथे मूळ उत्तरपत्रिका काढायची. मग मॉडरेशन, म्हणजे काही उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाने पुन्हा पाहणं, मग सांकेतिक क्रमांक उलगडून अंतर्गत गुणांशी जुळवणी. गाडी अडते ती इथे. लेखीचे गुण तयार असतात, पण एखाद्या विषयाचे अंतर्गत गुण विभागाकडून आलेलेच नसतात. तेवढ्यासाठी त्या विषयाला बसलेल्या सगळ्यांचा निकाल राखीव.

गुण आले तरी सुटका नाही. गैरहजर विद्यार्थ्यापुढे कुणी शून्य टाकतं, कुणी रकाना कोरा सोडतं. शून्य म्हणजे परीक्षा देऊन काही मिळालं नाही, गैरहजर म्हणजे दिलीच नाही, कोरा रकाना म्हणजे गुण यायचेत. संगणकाला हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि कोणता खरा हे कारकुनाने ठरवायचं नसतं. परीक्षकाच्या सहीचं दुरुस्तीपत्र, विभागप्रमुखाची शिफारस, परीक्षा नियंत्रकाची मंजुरी आणि मगच नोंद.

‘एका आकड्यासाठी एवढे कागद?’ हा प्राध्यापकांचा नेहमीचा सवाल. हिशेब करा (क्रेडिट म्हणजे सरासरीत विषयाचं वजन): २० क्रेडिटच्या सत्रात ४ क्रेडिटच्या विषयाला ८ ऐवजी ७ श्रेणीगुण पडले, तर सत्राची सरासरी ०.२ ने घसरते. ७.६ चे ७.४ होतात आणि जिथे किमान ७.५ लागतात तिथे अर्ज बाद. तोंडी सांगण्यावरून गुण वाढत असतील तर तसेच कमीही होतील. त्यामुळे कागद लागणारच, आणि ते वेळेत पाठवणं विभागाच्या हातात असतं.

आता तुमचा प्रश्न. खरा तोटा मानाचा आहे. वीस वर्षं नियमावली कोळून प्यालेल्या अधीक्षकाने बैठकीचं इतिवृत्त लिहायचं, आणि त्याच नियमाचा अर्थ दोन वर्षांसाठी आलेल्या समिती सदस्याने त्याला समजावायचा. बढतीही रेंगाळते, कारण वरची जागा रिकामी झाल्याशिवाय सरकता येत नाही.

फायदे आहेत. वर्षाचं वेळापत्रक आधी कळतं, त्यामुळे कामाचा लोंढा कधी येणार हे माहीत असतं. ग्रंथालय हाताशी असतं. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांना शुल्कात सवलत मिळते. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची असेल तर याहून सोयीची जागा मला माहीत नाही. फक्त परवानगी लेखी घ्या. वरिष्ठ बदलले की तोंडी परवानगीही जाते.

रुजू होण्याआधी पद मंजूर आहे की प्रकल्पाच्या निधीतलं, हे नेमणूकपत्रात शोधा. प्रकल्पातलं असेल तर निधीची मुदत संपली की पदही संपतं. तुमचं काम किती चांगलं होतं याचा तिथे संबंध नसतो. वार्षिक गोपनीय अहवाल कोण लिहिणार, हेही विचारा. काम एक जण सांगतो आणि अहवाल दुसरा लिहितो, अशी जागा शक्यतो टाळा.

हे सगळं मोठ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे बघून लिहिलंय. लहान संस्थेत प्रवेश, शुल्क आणि निकाल एकाच टेबलावर येतात; शिकायला भरपूर मिळतं, पण रजेवर गेलात तर काम उचलायला कुणी नसतं. प्रयोगशाळा सहायकाचं तर दुखणंच वेगळं. तिथे फायली कमी, साठा नोंदवही जास्त. आधीच्या माणसाकडून कार्यभार घेताना प्रत्येक वस्तू मोजा, बंद पडलेली उपकरणं आणि मुदत संपलेली रसायनं यादीत वेगळी दाखवा आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच किल्ल्या घ्या. नाहीतर पुढच्या पडताळणीत जे कमी भरेल, त्याचा खुलासा तुमच्याकडेच मागतील.